चतुर्थीच्या दिवशीचा डबा

आर्वी, ४ मे २०२५, रविवार

हरिभाऊ,

नमस्कार घेशील तर घे, नाई तर पाकिटातच राहू दे.

हे पत्र पोस्टानं नाई पाठवून राह्यलो. आपल्या नागपूर गाडीवर आता धम्मदीप नावाचा कंडक्टर आहे, माणूस सरळ आहे, दुपारी तुह्याच खानावळीत जेवते. त्याच्या हाती देऊन राह्यलो. अकरा वर्षं आपलं बोलणं नाई, माहा फोन तू उचलणार नाई. आता रोजच्या गिऱ्हाइकानं ताटाजवळ ठेवलेलं पत्र कसं परत करतो ते पाहू.

काम असं आहे. माही काजल नागपुरात नोकरीले आहे, हे तुले माहीत आहे, कारण मागच्या महिन्यात ती तुह्याकडे जेवून आली. मोबाइलवर तिचं 'पोटोबा' नावाचं एक पान आहे. नागपुरात कुठं काय खावं, कुठं निवांत बसावं, कोणत्या हॉटेलात कोणती वाइन बरी, हे ती लिहिते अन् हजारो लोक वाचतात. लोकाईले कामधंदे नाईत, दुसरं काय! आता ती एक मोठी यादी काढून राह्यली, नागपुरातल्या पन्नास जागा. पहिल्या नंबरवर तिनं तुही खानावळ घेतली होती. पण तू तिचं तोंड पाहून ओळखलं. म्हणाला, "लहानूची पोट्टी ना तू? पोटभर जेव. पण माहं नाव लिहू नको."

तिनं नाव खोडलं अन् पहिला नंबर कोरा ठेवला. घरी येऊन मले विचारते, "बाबा, तुम्ही त्या काकाईले काय केलतं?"

मी म्हणलं, "काही नाई. गाडी सोडाची एक डबल बेल नाई मारली, बस."

तिनं कोकिळाकडे पाह्यलं. कोकिळानं भाजीत डोळे घातले. चौदा वर्षं एका गाडीवर तू ड्रायव्हर अन् मी कंडक्टर होतो, एका डब्यात जेवलो, अन् माही बायको आजही तुह्या बाजूनं आहे, हे तुले सांगून ठेवतो.

तर या यादीसाठी काजलनं मले कामाले लावलं. तुले तर माहीत आहे काऊन. आपला वर्धा जिल्हा पडला दारूबंदीचा. घाईचा माणूस नदीपार जाते, तब्येतीनं पेणारा नागपूरले जाते. अन् नागपूरहून तो परत येते आपल्या पाच-पन्नासच्या गाडीनं. मी जन्मात थेंब नाई घेतला, पण कोण कुठं बसून आला, हे मले तिकीट मागायच्या आत कळे. तू तिकडून आरशात पाहायचास अन् बोटं दाखवायचास. एक बोट म्हणजे पायऱ्यावाला बार, दोन म्हणजे पंखेवाला, तीन म्हणजे सरदारजीचा ढाबा. मी मान हलवली की तू मांडीवर थाप मारून हसायचास, अन् मागं बसलेल्याले वाटे, ड्रायव्हर आपल्याच खुशीत आहे.

मी काजलले सांगितलं, पायऱ्यावाल्याकडून येणारा माणूस खिडकीशी गप बसे अन् कोंढाळीपर्यंत घोरे, म्हणजे जागा निवांत आहे. तिनं लिहून घेतलं. पंखेवाल्याकडून आलेला सीटसाठी भांडे, तिथं घरच्या लोकाईले नेऊ नये. सरदारजीकडून आलेले रडत. आईची आठवण काढून रडत. मंग तिथली डाळ घरच्यासारखी असन, दुसरं कारण काय? गोळीबार चौकातल्या सावजीकडून आलेल्याचं नाक वाहे, डोळे लाल, अन् तोंडावर असं समाधान की जसा पोरीचं लग्न लावून आला. तिनं सावजीले पाचवा नंबर दिला. माह्या मते तिसरा पाह्यजे होता, पण आजकाल बापाचं कोण ऐकते?

हरिभाऊ, यादी जूनअखेर निघते. पोट्टीचं काय चुकलं? तिले तुहं नाव लिहू दे. माह्यावरचा राग तिच्या कागदावर काऊन काढतो?

वहिनीले नमस्कार. त्याईनं काजलजवळ एक पुडकं दिलतं, ते पोचलं. त्याबद्दल आज काही लिहीत नाई.

लहानू

आर्वी, ११ मे २०२५

हरिभाऊ,

धम्मदीपनं सगळा रिपोर्ट दिला. तू पत्र शेगडीजवळ उभ्यानं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं अन् त्याले विचारलं, "भाजी वाढू का?" मी विचारलं, चुलीत तर नाई टाकलं ना? तो म्हणे, नाई, खिशातच होतं. एवढ्यावर मी हे दुसरं लिहून राह्यलो. पहा, किती कमीत भागते माहं.

गुरुवारी मी नागपूरले आलतो. काजलनं नेलं. धरमपेठेत एका इमारतीच्या गच्चीवर नवं हॉटेल निघालं आहे, कुंड्यांत झाडं, दिवे एवढे बारीक की ताटात काय आहे ते हातानं चाचपावं. तिथल्या वाइन तिले यादीत घ्यायच्या होत्या. मी म्हणलं, बाई, मी वाइनजवळ बसून काय करू? ती म्हणे, बाबा, तुम्ही फक्त वास घ्या.

मी धोतर नेसून नाई गेलो, घाबरू नको. पोरीच्या लग्नासाठी शिवून ठेवलेला पँट-शर्ट होता, तो घातला. लग्नाचा पत्ता नाई, म्हणलं निदान कपड्याईचा तरी उपयोग व्हावा.

पोऱ्यानं येऊन दोन ग्लासांत बोटभर लाल वाइन ओतली. काजलनं चाखली. मी ग्लास नाकाजवळ नेला अन् सांगितलं, "जांभूळ. पिकून खाली पडलेलं. अन् मागून ओल्या लाकडाचा वास येते, पावसात भिजलेल्या फाटकासारखा." पोऱ्या बाटलीवरचं वाचाले लागला. तिथं म्हणे इंग्रजीत असंच काहीतरी लिहिलं होतं. मंग त्यानं दुसरी आणली. ती मी लगेच खाली ठेवली. म्हणलं, "ही बाटली कालपासून उघडी आहे. लोणच्याची बरणी वाटते." तो आत गेला, विचारून आला, अन् बाहेर येऊन माह्यापुढं हात जोडून उभा राह्यला. "सर, तुम्ही हे कुठं शिकले?"

"आर्वी आगारात," मी म्हणलं.

बाजूच्या टेबलावरचे लोक हसले, टाळ्या वाजवल्या, एकानं तर त्याचाही ग्लास पुढं केला. मी त्याचंही सांगितलं. काजलनं फोटो काढला अन् खाली लिहिलं, 'नाकवाले बाबा'. घरी कोकिळा म्हणे, आता रोज संध्याकाळी नाकाची आरती करत जाऊ का?

मजा आली, खोटं काऊन बोलू? पण टाळ्या वाजल्या तवा मले एकदम गरम झालं. कारण याच नाकानं तुह्यासंगं काय केलं, हे त्या गच्चीवर फक्त मलेच माहीत होतं.

अन् अजून एक सांगतो. त्या दिवशी दुपारी मी तुह्या गल्लीच्या तोंडाशी आलतो. एकदा नाई, दोनदा. तुह्या पाटीवर 'हिंगणीवाल्यांची खानावळ' लिहिलं आहे, वहिनीच्या माहेरचं नाव, ते वाचलं. बाहेर चपलांचा ढीग होता. आतून फोडणीचा वास आला. वहिनीच्याच हातची भरली वांगी होती, हे मी शंभर पावलांवरून सांगतो. पानठेल्यावर पान खाल्लं अन् परत फिरलो.

मी आतापर्यंत कोणाले सांगितलं नाई, तुले सांगतो. तू खानावळ काढली तवापासून मी रिटायर होईस्तोवर, नागपूर स्टँडवर उतरून ज्यानं ज्यानं मले विचारलं, "मास्तर, जेवाले कुठं जाऊ?", त्याले मी तुह्याच गल्लीत पाठवलं. तवा मी तुह्यावर रागावलेलो होतो. मले वाटे, माणूस चुकला, पण त्याच्या बायकोच्या हाताचं काय चुकलं? मी स्वतःले लय न्यायी समजत होतो, हरिभाऊ.

त्या पुडक्याचं आजही जमत नाई लिहाले.

लहानू

आर्वी, १८ मे २०२५

हरिभाऊ,

आज लिहितोच. कोकिळानं समोर खुर्ची टाकली आहे अन् म्हणते, लिहिल्याबिगर चहा नाई.

चैत्रातली संकष्टी होती. दोन हजार चौदा. मी उपाशी, तवा डबा संगं खायचा प्रश्न नव्हता. तू स्टँडाच्या भिंतीकडल्या झाडाखाली एकटा जेवला, मी गाडीत केळं खाल्लं. पाच-पन्नासले गाडी भरली, तू चढला, माह्या बाजूनं पुढं गेला अन् मले वास आला. मोहाच्या दारूचा. मी बेलच्या दोरीवरचा हात काढला.

तुले माहीत आहे काऊन. दुसऱ्या कोणाले मी हे सांगितलं नाई, तुले एकट्याले सांगितलतं, कारंज्याले गाडी बिघडून आपण दुपारभर बसलो होतो तवा. नाक मी आगारात नाई शिकलो. घराच्या दारात शिकलो. बाप संध्याकाळी दारातून आत येईपर्यंत आम्हा भावंडांले वासावरून ठरवा लागे, आज जेवाले बसायचं की मागच्या दारानं निघायचं. तो वास मोहाचा होता.

म्हून मी बेल मारली नाई. तू आरशात पाह्यलं. पहिल्यांदा तू हसला, तुले वाटलं मी आपला खेळ खेळून राह्यलो. तू बोट वर केलं, विचारलं, कोण? अन् मी भरल्या गाडीत, मोठ्यानं म्हणलं, "आज ड्रायव्हरच पेलेला आहे. मी गाडी सोडत नाई."

ते बोट तसंच वर राह्यलं होतं तुहं. मले अजून दिसते.

साहेब आले, मशीन आणलं, तू फुंकला. शून्य. दुसऱ्यांदा फुंकला, शून्य. मी तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणलं, "मशीन बिघडलं असन. माहं नाक बिघडत नाई." एक बाई दोन लेकरं घेऊन गाडीतून उतरली. तू गाडी आर्वीले आणली, चाव्या दिल्या अन् गेला. त्यानंतर वर्षभर तुह्या गाडीत चढणारा प्रत्येक माणूस आधी हवा हुंगे, मंग तिकीट मागे. आपल्या जिल्ह्यात हे एकदा चिकटलं की घासून निघत नाई. वर्षानं तू नोकरी सोडली अन् नागपूरले गेला.

आता पुडकं. काजलनं आणून ओट्यावर ठेवलं, म्हणे काकूनं घरी न्याले दिल्या, पोळ्या आहेत, गोड. मी दोरा सोडला. कागद उघडला अन् हात तिथंच थांबला. तोच वास. जसाच्या तसा. मी काजलवर खेकसलो, "हे काय आणलं तू घरात?" ती घाबरली. म्हणे, "बाबा, मोहाच्या पोळ्या आहेत. फुलं वाळवतात, भिजवून शिजवतात अन् कणकेत मळतात. हिंगणीकडे करतात. लहान लेकरंही खातात."

मले माहीतच नव्हतं रे. माह्यासाठी मोह म्हणजे एकच चीज होती. त्या फुलाची पोळी होते अन् लेकरं ती दुधासंगं खातात, हे साठ वर्षांच्या माणसाले माहीत नाई! मी पोळी हातात घेऊन बसून राह्यलो. कोकिळानं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् तिले सगळं समजलं. ती एवढंच म्हणे, "चतुर्थी होती ना त्या दिवशी?"

तरी मले एक कळेना. चौदा वर्षं संगं जेवलो, तुह्या डब्यात ही पोळी मी एकदाही काऊन पाह्यली नाई? मी काजलले म्हणलं, काकूले विचार. तिनं फोन केला. वहिनीनं सांगितलं ते काजलनं मले जसंच्या तसं सांगितलं.

"तुह्या बाबाले मोहाचं नाव चालत नव्हतं. त्याच्या बापाचं यानं मले सांगितलतं. म्हून मी पोळ्या डब्यात देतच नव्हती. पण याले फार आवडतात. मंग त्या चैत्रात हाच म्हणे, लहानूचा उपास असन त्या दिवशी देत जा, मी एकटा बाजूले बसून खाऊन घेईन, त्याले तरास नको."

हरिभाऊ, माह्या बापाची आठवण मले येऊ नये म्हून तू झाडाखाली जाऊन एकटा जेवत होता. अन् मी बापाचा राग काढला तुह्यावर, चाळीस माणसांपुढं.

मी चुकलो. माहं नाक चुकलं नाई, मीच चुकलो, कारण नाक तर खरंच सांगत होतं, मोह आहे म्हून. मशीनही खरं सांगत होतं. अन् तूही खरा होता. खोटा मी एकटा होतो. मले माफ कर म्हणायले मले तोंड नाई, पण म्हणतो. माफ कर.

ती पोळी मी खाल्ली. पहिला घास डोळे मिटून खाल्ला. गोड आहे, अन् गिळल्यावरही तोंडात राह्यते. दुसरी कोकिळानं अर्धी मागितली, मी दिली नाई.

तुहा
लहानू

आर्वी, २ जून २०२५

हरिभाऊ,

तू अजून उत्तर दिलं नाई, अन् मी मागतही नाई. पण हे सांगतो, कारण हे तुलेच सांगायचं आहे.

मी विचार केला, चूक केली चाळीस लोकाईपुढं अन् माफी मागितली पाकिटात, हा काय हिशेब झाला? काल एक जून, एसटीचा वर्धापन दिन. आगारात मांडव टाकतात, गाड्याईले हार घालतात, आम्हा रिटायर लोकाईले गुलाबाचं फूल देऊन दोन शब्द बोलाले लावतात. दरवर्षी मी 'सर्वांचे आभार' म्हणतो अन् बसतो. यावर्षी मी धम्मदीपले आधीच सांगितलं, बाबा, खानावळीतून वहिनीकडून मोहाच्या दहा पोळ्या आण, कोणासाठी ते सांगू नको. त्यानं सांगितलंच असन, त्याच्या पोटात काही राहत नाई. पण दहा मागितल्या तर वहिनीनं पंधरा दिल्या. मंग मले वाटलं, तुह्या घरातलं एक माणूस तरी माह्या बाजूनं आहे.

माही पाळी आली. मी पुडकं काखेत घेऊन माईकपुढं उभा राह्यलो. म्हणलं, आधी एक खेळ. नत्थूजी, तुम्ही इकडे या. नत्थूजी तुले आठवते ना, कंट्रोलच्या केबिनमध्ये बसायचे, आता चष्म्याची काच जाड झाली आहे. मी त्याईचे डोळे उपरण्यानं बांधले अन् पुडकं नाकाखाली धरलं. "सांगा, काय आहे?"

नत्थूजीनं मोठा श्वास घेतला अन् माईकमध्येच म्हणाले, "अरे वा! पहिल्या धारेची आहे बे!"

मांडव हसून हसून पडला. आगारातले साहेब उठून उभे राह्यले, कार्यक्रमात दारू कोणी आणली म्हून. मी म्हणलं, साहेब, तुम्हीही घ्या वास. त्याईनं घेतला अन् तोंड वाकडं केलं. चौघं-पाचजणं पुढं आले, सगळ्याईचं एकच मत. मंग मी नत्थूजीचे डोळे सोडले अन् त्याईच्या हातावर पोळी ठेवली.

मी म्हणलं, "अकरा वर्षांपूर्वी नागपूर स्टँडवर मी हरिभाऊले भरल्या गाडीत पेलेला म्हणलो. तो पेलेला नव्हता. त्यानं ही पोळी खाल्ली होती. माह्यासमोर खाल्ली नाई, कारण मले मोहाचा वास सहन होत नाई अन् हे त्याले माहीत होतं. तुम्ही सगळेजण आजपर्यंत जे त्याच्याबद्दल बोलत आले, ते माह्या तोंडून निघालेलं आहे. ते मी वापस घेतो. ज्यानं ज्यानं ऐकलं त्यानं दहा जणाईले सांगा."

मी बसलो नाई, उभाच राह्यलो. कोणी टाळी वाजवली नाई, अन् बरं केलं.

मंग नत्थूजी पोळीचा घास चावत चावत म्हणाले, "मले तवाच वाटलतं. त्या रात्री त्यानं गाडी आगारात आणली ती तऱ्हा पेलेल्या माणसाची नव्हती." मी म्हणलं, नत्थूजी, तवाच वाटलतं तर तवाच काऊन नाई बोलले? ते म्हणाले, "तुह्या नाकाची भीती वाटे रे." सगळे हसले. मलेही हसू आलं. हसता हसता डोळे पुसले, आता या वयात कोण पाहते?

पंधरा पोळ्या मांडवात एका मिनिटात संपल्या. ज्याले मिळाली नाई त्यानं पत्ता विचारला. मी सांगितला. बाईलोकंही विचारून गेल्या. येत्या आठवड्यात आर्वीची निम्मी जनता तुह्या दारात उभी राह्यली तर दोष मले देजो, सवय आहे तुले.

काजलची यादी या महिनाअखेर निघते. पहिला नंबर अजून कोराच आहे. ती म्हणे, बाबा, काका नाई म्हणाले तर कोराच ठेवीन, खाली लिहीन, 'ही जागा आम्हाले माहीत आहे, पण सांगाची परवानगी नाई.' पोट्टी तुह्यासारखी आहे, माह्यासारखी नाई. अर्थ न लावता माणसाचं ऐकते.

तू मले खानावळीत येऊ देशील की नाई, हे मले माहीत नाई. दिलं नाई तर मी पानठेल्यापर्यंत येत जाईन अन् फोडणीचा वास घेऊन जाईन. तेवढ्यावरही माहं भागन, खरं सांगतो. मन हलकं आहे. काल रात्री अकरा वर्षांनंतर चांगली झोप लागली. कोकिळा म्हणे, घोरत होता, पायऱ्यावाल्या बारमधून आल्यासारखा.

तुहा
लहानू

नागपूर, १० जून २०२५

लहानू,

चारही पत्रं खिशात आहेत. भागीरथा म्हणे, शर्ट धुवाले टाक, मी टाकत नाई. तेलाचे डाग पडले आहेत, वाचाले येते.

रविवारपासून तुही आर्वी येऊन राह्यली जेवाले. नत्थूजीही आलते. सगळेजण आत आल्यावर आधी वास घेतात अन् मंग मोहाची पोळी मागतात. भागीरथाचे हात दुखाले लागले, शिव्या तुले देऊन राह्यली.

पोट्टीले सांग, लिह. पहिला नंबर नको. गर्दी होते. दुसरा चालन.

त्या दिवशी मले तुहा राग आला नव्हता. मले वाटलं, लहानूले बाप दिसला असन. राग मंग आला, तू नंतर एकदाही मले विचाराले आला नाई म्हून.

आता येजो. चतुर्थी शनिवारी आहे, त्या दिवशी येऊ नको. त्या दिवशी मी एकटा खातो. रविवारी ये, मी कॅलेंडर पाह्यलं, रविवारी तुहा कोणताच उपास नाई.

हरिभाऊ